जिंजीला एकटीने: रेल्वे, सरकारी बस आणि राजगिरीच्या पायऱ्या

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बहुतेक माझ्या पायाखालून गेलेले आहेत. बारावा जिंजी. तो तमिळनाडूतल्या विळुप्पुरम जिल्ह्यात, त्याच नावाच्या लहानशा गावाला लागून उभा आहे. राजाराम महाराजांनी जिथून जवळजवळ आठ वर्षं राज्य चालवलं, ती जागा आपण पाहिलेलीच नाही, ही टोचणी त्या दिवसापासून लागली.

माहिती काढायला गेले तर जी ती चेन्नईहून किंवा पुदुच्चेरीहून गाडी करून, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांसाठी होती. मला पाठीवर एक सॅक टाकून, स्लीपरच्या तिकिटावर, सरकारी बसने जायचं होतं. एकटीनं. तमिळ अजिबात येत नाही. सह्याद्रीतले किल्ले चढायची सवय असल्यामुळे चढाची भीती नव्हती. भीती होती ती अनोळखी गावात बसस्टँडवर उतरल्यावर पुढं काय, याची. त्यामुळे चढणीपेक्षा या बाकीच्या गोष्टीच मी जास्त सविस्तर लिहिते आहे. अशीच भीती वाटून कुणी थांबलं असेल तर त्याला उपयोग होईल.

तारखा ठरवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या महाराष्ट्रात बसून सुचत नाहीत. एक म्हणजे पोंगल, तिकडचा संक्रांतीचा सण. २०२६ मध्ये तो १५ जानेवारीला होता आणि त्याच्या मागंपुढं तमिळनाडूतल्या सगळ्या बस आणि गाड्या भरून वाहतात. दुसरी म्हणजे पौर्णिमा. जिंजीपासून चाळीसेक किलोमीटरवर तिरुवण्णामलै आहे. दर पौर्णिमेला तिथं अरुणाचलाच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायला लोक लोटतात आणि चेन्नईहून तिकडं जाणाऱ्या बस जिंजीवरूनच जातात. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी या रस्त्यावर बसायला जागा मिळेल अशी आशाच नको. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा असतो आणि मार्चपासून खडक तापतो. म्हणून मी पोंगल उलटून गेल्यावरचा आणि पौर्णिमेच्या आधीचा आठवडा धरला.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुटतं. १९ जानेवारीच्या रात्रीच्या गाडीसाठी मी २० नोव्हेंबरला सकाळी आठला बसले आणि पुणे ते चेन्नई स्लीपरचं पक्कं तिकीट मिळालं, सहाशे रुपयांच्या आतबाहेर. परतीचं मात्र २४ जानेवारीचं हवं होतं. तो शनिवार, त्याला लागून रविवार आणि मग प्रजासत्ताक दिन. त्याचं तिकीट प्रतीक्षायादीतच मिळालं. प्रतीक्षायादीच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही आणि चार्ट लागल्यावर ऑनलाइन काढलेलं असं तिकीट आपोआप रद्द होतं, हे लक्षात ठेवून मी ते तसंच राहू दिलं. तत्काळचा मार्ग हाताशी होता. त्यासाठी रेल्वेच्या खात्याला आधार जोडून घेणं आता सक्तीचं आहे, ते काम निघण्याच्या आधीच उरकून घ्या. ऐनवेळी प्रवासात ते करत बसणं त्रासाचं होतं.

गाडी रात्री पुण्याहून सुटली. सकाळी रायचूर मागं पडलं होतं, मग गुंटकल, कडप्पा, रेणिगुंटा. खिडकीबाहेर दिवसभर लाल माती आणि मोठमोठे गोल दगड एकावर एक रचल्यासारखे दिसत होते. मनात सारखा १६८९ सालचा तो प्रवास येत होता. संभाजी महाराजांची हत्या झाली होती, रायगडाला वेढा पडला होता, आणि एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज सप्टेंबरच्या अखेरीस पन्हाळ्यावरून वेष बदलून निघाले. बिदनूरच्या राणी चेन्नम्मानं त्यांना वाट दिली. बेंगळूरजवळून, वेल्लोरवरून, पाठलाग चुकवत ते नोव्हेंबरात जिंजीला पोचले. आपण एका झोपेत आणि एका दिवसात ज्या मुलखातून जातो, तो त्यांनी महिन्याहून जास्त काळ जीव मुठीत धरून तुडवला.

२० तारखेची रात्र मी चेन्नईत स्टेशनातल्या विश्रामगृहात काढली. पक्क्या किंवा आरएसी (अर्ध्या बर्थच्या) तिकिटाच्या पीएनआरवर तिथली डॉर्मिटरी ऑनलाइन आरक्षित करता येते. बायकांनी एकटीनं रात्री शहरात खोली शोधण्यापेक्षा हे मला फार सुरक्षित वाटलं. मूळ ओळखपत्र जवळ हवंच, मोबाईलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका.

२१ ला सकाळी सेंट्रलच्या समोरच्या पार्क स्टेशनातून ताम्बरमच्या बाजूची लोकल पकडून वंडलूरला उतरले. तिकीट दहा रुपये. तिथून बसने किलांबाक्कम. चेन्नईहून दक्षिणेकडं जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बस २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या या नव्या स्थानकावरून सुटतात. जुन्या माहितीत अजून कोयंबेडू लिहिलेलं सापडतं, तिकडं जाऊ नका. मला तिरुवण्णामलैची बस हवी होती. तिथं ‘जिंजी’ म्हटलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, ‘सेंजी’ म्हणायचं. तमिळ अक्षरांत लिहिलेलं गावाचं नाव मी मोबाईलवर चित्र करून ठेवलं होतं. ते दाखवलं की काम होत होतं. कंडक्टरनं ते पाहिलं, मान हलवली, आणि पुढच्या दारापाशी बायकांच्या बाजूची सीट दाखवली. तिकीट दीडशे रुपयांच्या आत.

रस्ता चांगला आहे. मेलमरुवत्तूरला लाल साड्यांतल्या बायकांचे तांडेच्या तांडे दिसले. तिथल्या आदिपराशक्तीच्या देवळात तैपूसमच्या सणापर्यंत या लाल वस्त्रांतल्या भक्तांची रीघ असते. आमच्या बसमध्येही त्यांतल्या काही जणी चढल्या, एकीनं माझ्या सॅककडं पाहून काहीतरी विचारलं, मी ‘सेंजी’ म्हटलं, तिनं ‘कोट्टै?’ म्हणून विचारलं. कोट्टै म्हणजे किल्ला एवढं मी शिकून गेले होते. होकार दिल्यावर तिनं पिशवीतून काढून मला शेंगदाण्याची चिक्की दिली. तिंडिवनमला बस उजवीकडं वळते आणि थोड्या वेळानं सपाट भातशेतीतून दगडांचे डोंगर उठायला लागतात. पहिल्यांदा राजगिरी दिसला तेव्हा छातीत धडधडलं. आपले किल्ले हिरव्या कड्यांचे, ताशीव. हा मात्र प्रचंड गोलमटोल शिळांचा ढीग, आणि त्याच्या टोकावर भिंत.

दुपारी बाराच्या सुमारास सेंजीच्या बसस्टँडवर उतरले. ज्याची भीती होती ते पहिल्याच लॉजवर झालं. काउंटरवरच्या माणसानं माझ्यामागं कुणी आहे का ते पाहिलं आणि ‘सिंगल नो’ एवढंच म्हणाला. वाद घातला नाही. एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या बाईला खोली न देणं ही छोट्या गावांतल्या लॉजची जुनी पद्धत आहे. राग येतो, पण उन्हात उभं राहून तो खर्च करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या लॉजमध्ये एक बाई काउंटरवर होत्या. त्यांनी आधारची प्रत मागितली. मी पहिले आठ आकडे झाकलेल्या आधारच्या प्रती पुण्याहूनच काढून नेल्या होत्या, त्या चालल्या. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन, कुठून आलात, कुठं जाणार, कशासाठी आलात. शेवटच्या रकान्यात मी किल्ला असं लिहिलं. खोली आठशे रुपये, साधी, स्वच्छ, आतून दोन कड्या. तिकडं बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे दुपारी साडेबाराला घेतली तर दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत आपली. बसने फिरणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. दार लावून पलंगावर बसले, घरी फोन केला, आणि तेव्हा कळलं की सकाळपासून खांदे किती आवळून धरले होते.

जेवण समोरच्याच खाणावळीत. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, कूटू, ताक. शंभर-सव्वाशे रुपयांत पोट भरतं आणि भात वाढतच राहतात. ‘पोदुम’ म्हणजे पुरे, हा शब्द पाठ करून जा.

तिकीट त्या त्या दिवसापुरतं असतं, म्हणून अर्ध्या दिवसासाठी किल्ल्यात शिरण्यापेक्षा संध्याकाळी सिंगवरमला गेले. तीन-चार किलोमीटरवर आहे. साधी टाऊन बस मिळाली. तमिळनाडूत २०२१ पासून अशा साध्या बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो आणि आपण कुठल्या राज्यातले हे कुणी विचारत नाही. देवळं दुपारी बंद असतात, चारनंतर जायचं. सिंगवरमला पायऱ्या चढून गेलं की अखंड खडकात कोरलेलं पल्लवांच्या काळातलं रंगनाथाचं मंदिर आहे. आत शेषावर पहुडलेला विष्णू, चोवीस फूट लांबीचा. मान वळवत वळवत पाहावा लागतो, एका नजरेत मावत नाही. पुजाऱ्यांनी कर्पूर फिरवून चेहरा दाखवला आणि मोडक्या हिंदीत देसिंगु राजाची गोष्ट सांगितली. लढाईला जाऊ नकोस असं देव सांगत होता, राजानं ऐकलं नाही, म्हणून देवानं तोंड फिरवलं.

हा देसिंगु म्हणजे तेजसिंह, बुंदेला राजपूत. मोगलांनी जिंजी घेतल्यावर त्याच्या बापाला, सरूपसिंहाला, किल्ला मिळाला. पोरगा अर्काटच्या नबाबाशी, सादतुल्लाखानाशी, मूठभर लोकांनिशी लढून १७१४ मध्ये मारला गेला. त्याची बायको सती गेली. वयानं विशीतला हा राजा इथल्या लोकगीतांत अजून जिवंत आहे. पुढं जिथं जिथं मी किल्ल्याबद्दल बोलले, तिथं लोकांनी त्याचंच नाव घेतलं. रिक्षावाल्यानं, खाणावळीतल्या आजींनी, शाळेच्या सहलीतल्या पोरांनी. सुरुवातीला मनाला लागलं. आपण इतक्या लांबून राजाराम महाराजांच्या ओढीनं आलो आणि इथं त्यांचं नाव कुणी घेत नाही. पण दुसऱ्या दिवशी वर चढताना ते लागणं गेलं. तेराव्या शतकातले कोन राजे, विजयनगरचे नायक, विजापूरकर, मराठे, मोगल, फ्रेंच, इंग्रज एवढ्यांच्या हातांतून गेलेला हा गड, आणि गावानं स्वतःचा म्हणून जपला तो हरलेला तरुण पोरगा. ते त्यांचं प्रेम आहे, आपलं आपण घेऊन जायचं.

२२ ला पहाटे उठून इडली आणि पोंगल (सणाच्याच नावाची डाळ-तांदळाची खिचडी) खाल्लं, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी एवढंच छोट्या पिशवीत घेतलं. मोठी सॅक लॉजवरच ठेवली. किल्ल्यावर सामान ठेवायची सोय आहे असं धरून जाऊ नका. गावापासून पायथा दोनेक किलोमीटर, रिक्षानं शंभर रुपये घेतले. तिकीट खिडकी उघडताना मी पहिलीच होते. भारतीयांना रोख २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. राजगिरी आणि कृष्णगिरी दोन्हींना तेच तिकीट चालतं, जपून ठेवा. मोबाईलनं फोटो काढायला पैसे नाहीत. तिपाई न्यायची असेल तर मात्र पुरातत्त्व खात्याच्या मंडळ कचेरीची लेखी परवानगी आधी मिळवावी लागते, दारात विनवण्या करून उपयोग होत नाही. माझ्यासमोरच एका तरुण जोडप्याला ती खाली ठेवायला लावली. दुपारनंतर राजगिरीच्या वाटेवर सोडत नाहीत, त्यामुळे सकाळ चुकवू नका.

पहारेकऱ्यानं माकडांबद्दल हातवारे करून बजावलं: खाऊ हातात नको, पिशवीची चेन बंद, बाटली आत. ते शब्दशः पाळा. पहिल्या वळणावरच माकडांची टोळी बसलेली असते.

तीन डोंगर आहेत: पश्चिमेला राजगिरी, उत्तरेला कृष्णगिरी, आग्नेयेला चंद्रगिरी. तिघांना जोडणारा तट तेरा किलोमीटरच्या घरातला. राजगिरी सगळ्यांत उंच, सुमारे २४० मीटर. आकडा ऐकून राजगड-तोरणा केलेल्यांना किरकोळ वाटेल. पण इथं सुरुवात सपाट मैदानातून होते आणि चढ एकदम अंगावर येतो. हजाराच्या वर पायऱ्या, काही गुडघाभर उंच, काही झिजून गुळगुळीत झालेल्या. सकाळी झाडांची सावली होती. वाटेत कमलकन्नी अम्मनचं देऊळ लागतं. ही राजगिरीची रक्षणकर्ती देवी. तिथं एक वयस्कर बाई हळद आणि कडुलिंबाचा पाला घेऊन अनवाणी चढत आल्या होत्या. मी बसले होते, त्या शेजारी टेकल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि वरच्या दिशेनं बोट करून ‘पो, पो’ म्हणाल्या. जा, जा. आमच्यात तेवढंच बोलणं झालं, पण त्यानंतर पाय हलके झाले.

एकामागून एक दरवाजे येत राहतात. प्रत्येक दरवाजापाशी वाट मुरडते आणि वरच्या तटावरून आपण पूर्ण माऱ्यात असतो. शेवटी अशी जागा येते की पुढं वाटच नाही. शिखराचा कातळ बाकीच्या डोंगरापासून तुटलेला आहे, मधे सुमारे २४ फूट रुंद आणि ६० फूट खोल दरी. त्यावर पूल टाकलेला आहे. तो काढून घेतला की वर जायला दुसरा रस्ताच नाही. त्या पुलावर उभी राहिले तेव्हा मोगलांचा आठ वर्षांचा वेढा मला पहिल्यांदा पायांतून समजला.

वर रंगनाथाचं छोटं मंदिर, धान्याची कोठारं, दारूखाना, मनोरा, एक तोफ. खाली दोन्ही बाजूंना तटाच्या रेषा डोंगरांवरून धावत गेलेल्या, आणि मधून तिरुवण्णामलैचा रस्ता. मी सावली धरून बराच वेळ तिथंच बसले.

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात हा किल्ला घेतला, रामजी नलगे यांना किल्लेदार नेमलं, आणि तट-खंदक-बुरुजांची कामं काढली. त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत या बांधकामाचं कौतुक आहे. स्वराज्यापासून इतक्या लांब एवढा खर्च कशाला, असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल. बारा वर्षांनी त्यांच्याच मुलाला आसरा मिळाला तो इथं. १६९० मध्ये मोगलांचा सरदार झुल्फिकारखान वेढा घालायला आला. वरून पाहिलं की कळतं, तेरा किलोमीटरच्या या घेराला सगळीकडून आवळायला किती फौज लागेल. १६९२ च्या डिसेंबरात संताजी आणि धनाजी आले. संताजींनी कांचीपुरमजवळ अलीमर्दानखान या मोगल सरदाराला पकडलं, धनाजींनी वेढ्याच्या छावणीवर घाला घातला. झुल्फिकारखानाला वेढा उठवून वंदवाशीला मागं जावं लागलं. नंतर तो परत आला. या सगळ्या वर्षांत जिंजीहून वतनांची, इनामांची पत्रं महाराष्ट्रात जात होती, तिकडं रामचंद्रपंत अमात्य फौजा उभ्या करत होते. जुन्या कागदांत या जागेला ‘चंदी’ म्हणतात. तारीख आणि शिक्का असलेली ती पत्रं छापील संग्रहांत वाचताना चंदी मला नेहमी कुठंतरी धूसर वाटायची. आता त्या पत्रांवर शिक्का मारणारे हात कुठल्या वाऱ्यात होते ते माहीत झालं. १६९७ च्या अखेरीस महाराज निसटले आणि १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला. मोगलांना किल्ला मिळाला, राजा मिळाला नाही. वाट मोकळी व्हावी म्हणून खंडो बल्लाळांनी आपलं वतन मोगलांच्या फौजेतल्या शिर्क्यांना लिहून दिल्याची हकिगत आपण शाळेत वाचलेली असते. तिथं बसून ती आठवली आणि डोळे भरून आले. ते लपवावंसंही वाटलं नाही.

चढायला दीड तास लागला. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, काठी न्या.

खालच्या भागाला किमान दोन तास द्या. कल्याण महालाचं मधलं चौकोनी उंच शिखर दुरूनच दिसतं, मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्यावर एकच खोली. मातीच्या नळांतून इथं पाणी खेळवलं होतं. धान्यकोठारांच्या कमानी इतक्या मोठ्या की आत बोललेलं घुमत राहतं. व्यायामशाळा, घोड्यांच्या पागा, हत्तींचं तळं, थोडं बाहेर सादतुल्लाखानाची मशीद. सहलीची पोरं तिथं भेटली, त्यांच्या बाईंना इंग्रजी येत होतं. मी पुण्याहून आले म्हटल्यावर त्यांनी पोरांना गोळा करून राजाराम महाराजांबद्दल चार वाक्यं मला सांगायला लावली आणि त्यांचा तमिळ अनुवाद स्वतः केला. मग पोरांनी मला देसिंगुचं गाणं म्हणून दाखवलं.

कृष्णगिरी त्याच दिवशी दुपारी केला. राजगिरीपेक्षा कमी उंचीचा आणि चढायला सोपा, पण ऊन डोक्यावर होतं. तुमच्याकडं दोन सकाळी असतील तर तो दुसऱ्या सकाळी करा. वरचा घुमटाचा दरबार आणि त्याच्या खिडक्यांतून येणारा वारा यांसाठी तो चुकवू नये. ज्यांच्या गुडघ्यांना राजगिरी झेपणार नाही त्यांनी फक्त हा करावा, जिंजीचा पसारा इथूनही दिसतो. चंद्रगिरीवर नीट वाट नाही, नुसती काटेरी झुडपं. एकट्यानं त्यात शिरू नये.

२३ ला सकाळी वेंकटरमण मंदिर पाहायला गेले. सोळाव्या शतकातलं, नायकांच्या वेळचं. गोपुराच्या दारात रामायणाचे कोरीव पट आहेत आणि आतलं आवार अवाढव्य आणि जवळजवळ रिकामं. अकराला स्लीपरचं तत्काळ उघडतं (वातानुकूलितचं दहाला), म्हणून पावणेअकरापासून आवाराच्या भिंतीपाशी, जिथं मोबाईलला रेंज चांगली होती तिथं, बसून राहिले. प्रवाशाचं नाव आधीच भरून ठेवलेलं, पैसे यूपीआयनं. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकायला वेळ थोडा असतो, त्यामुळे तेच सिम फोनमध्ये हवं. पहिली तीस मिनिटं एजंटांना बंद असल्याचा फायदा झाला असावा, मधली बर्थ मिळाली. तत्काळला मूळ भाड्यावर शे-दोनशे रुपये जास्त पडतात आणि पक्कं तिकीट रद्द केलं तर काही परत मिळत नाही. प्रतीक्षायादीतलं जुनं तिकीट लगेच रद्द केलं, रद्द करण्याचं शुल्क कापून बाकीचे पैसे आले.

मग लॉज सोडून पुदुच्चेरीची बस. सत्तर किलोमीटर, दोन तासांच्या वर लागतात. तिथं समुद्रकाठी गांधीजींच्या पुतळ्याभोवती उंच कोरीव खांब उभे आहेत. ते जिंजीच्या देवळांतून फ्रेंचांनी नेलेले. १७५० मध्ये फ्रेंचांनी जिंजी घेतली, १७६१ मध्ये इंग्रजांनी. ज्या सकाळी ते रिकामं आवार पाहिलं त्याच संध्याकाळी हे खांब पाहता आले. एकाला हात लावून पाहिला, खारा वारा लागून लागून नक्षी बोथट झाली आहे. पुदुच्चेरीहून दादरला थेट गाडी आहे आणि ती पुण्यावरून जाते, पण रोज नसते. वार जुळत असतील तर चेन्नईचा फेरा वाचतो. माझे जुळत नव्हते, म्हणून रात्री बसने चेन्नई, पुन्हा स्टेशनातली डॉर्मिटरी, आणि २४ ची गाडी. रेल्वे, बस, रिक्षा, खोल्या, जेवण सगळं धरून पाच हजारांच्या आत झालं.

वेल्लोर या वेळी राहिलं. राजाराम महाराज जिंजीला येताना शेवटचे थांबले ते तिथं, आणि तो भुईकोट मराठ्यांनी १६७८ मध्ये वर्षाहून जास्त वेढा घालून घेतला होता. त्यासाठी काटपाडी स्टेशनला उतरायचं आणि तिथून शहराच्या बसने जायचं. तिरुवण्णामलैमार्गे वेल्लोरहून सेंजीला बसने येताही येतं, म्हणजे महाराजांच्या वाटेचा शेवटचा टप्पा जमिनीवरून पुरा होतो. पुढच्या हिवाळ्यात ते करणार आहे. कुणी केलं असेल तर वेल्लोरमध्ये एकट्या बाईला खोली देणारं ठिकाण जरूर सांगा.